जुन्या स्प्लेंडरला जाड टायर: लूक मिळतो, ग्रिप मिळतेच असं नाही

इन्स्टाग्रामवर "स्प्लेंडर मॉडिफाय" एवढं टाइप करून बघा. बाबांनी पंधरा-वीस वर्षं ऑफिसला नेलेली गाडी आणि मागे बुलेटला शोभेल असा जाड टायर. खाली कमेंट ठरलेली: "भावा, कुठे केलंस? खर्च किती?" त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. म्हणजे हौस होतीच, खर्चही थोडा हलका झाला. पण रीलमध्ये छातीठोकपणे सांगतात की "ग्रिप डबल होते", ते खरं आहे का?

थोडं गणित करू. टायर रस्त्याला टेकतो तेवढ्या जागेचं क्षेत्रफळ ढोबळमानाने दोन गोष्टींवर ठरतं: चाकावर वजन किती आणि आत हवा किती. मागच्या चाकावर १२० किलो आणि हवा ३३ पीएसआय धरली, तर उत्तर येतं साधारण ५० चौरस सेंटिमीटर. तुमच्या हातातल्या फोनच्या स्क्रीनच्या निम्मंसुद्धा नाही! टायर जाड केला आणि वजन, हवा तीच ठेवली, तर हा ठसा रुंद होतो पण लांबीला आखूड होतो. क्षेत्रफळ फारसं बदलत नाही. ग्रिप जास्त करून ठरते ती रबर कसलं आहे आणि किती जुनं झालंय यावर.

आता खरी अडचण, म्हणजे रिंग. आजच्या स्प्लेंडरला मागे ८०/१००-१८ टायर येतो, जुन्यांना २.७५-१८ यायचा. त्या टायरची रिंग अरुंद असते, साधारण १.६० इंच. लोक तिच्यावरच १००/९०-१८ चढवतात, ज्याला किमान २.१५ इंचाची रिंग लागते. टायर बसतो, हवाही धरतो, पण त्याच्या कडा आत ओढल्या जातात आणि मधला भाग फुगून वर येतो. सरळ चालताना फक्त मधली पट्टी घासते. म्हणजे पैसे १०० मिलिमीटरचे दिले आणि वापरताय त्यातला थोडासाच भाग. वळणावर गाडी आधी जड लागते, मग एकदम पडल्यासारखी झुकते. पुढचा टायर तर अजून तसाच बारीक.

मग काही जण रिंगच बदलतात, किंवा दुसऱ्या गाडीचं अख्खं चाक आणून बसवतात. इथे मात्र नीट लक्ष द्या. १०० चा टायर दोन्ही बाजूंनी जवळपास एकेक सेंटिमीटर बाहेर येतो. डावीकडे चेन, उजवीकडे ब्रेकचा रॉड. स्प्लेंडरची चेन बंद कव्हरमध्ये असते, त्यामुळे टायर आत घासत असला तरी वरून दिसत नाही. दुसऱ्या गाडीच्या चाकाला वॉशर, बुश घालून जागेवर आणलं, तर पुढचं आणि मागचं स्प्रॉकेट एका रेषेत राहतंच असं नाही. चेन तिरकी ओढली जाते आणि लवकर जाते. ड्रम ब्रेकच्या प्लेटला जी पट्टी धरून ठेवते, तिचं भोक जुळलं नाही म्हणून "तात्पुरती" तारेने बांधणारेही आहेत. ती पट्टी सुटली तर ब्रेक मारल्यावर प्लेटच चाकाबरोबर फिरते आणि चाक जाम होऊ शकतं. हे मात्र कुठल्याच रीलमध्ये नसतं.

मायलेजचंही बघू. १००/९०-१८ चा व्यास ८०/१००-१८ पेक्षा सुमारे ३ टक्के मोठा, वजनही जास्त. आठेक पीएसच्या इंजिनला चढावर आणि डबलसीट हे जाणवतं. (मीटर चुकतो म्हणतात, ते जुन्या स्प्लेंडरला लागू नाही, तिची केबल पुढच्या चाकातून येते.)

कायद्याचं काय? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये "बदल" म्हणजे गाडीच्या रचनेतला असा फरक, ज्याने तिचं मूळ स्वरूप बदलतं. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हेच कलम कडक वाचलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक बेकायदा बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. त्याच रिंगवर बसणारा एक पायरी मोठा टायर याला रचनेतला बदल म्हणणं कठीण आहे, असं मला वाटतं. पण चिमटा कापून रुंद केला, वेल्डिंग केलं, तर मात्र वाद घालायला जागा उरत नाही.

आणि जुन्या गाडीला आरटीओ चुकत नाही. १५ वर्षांनी आरसीचं नूतनीकरण करताना गाडी तपासणीला न्यावी लागते. २० वर्षांपेक्षा जुन्या दुचाकीसाठी हे शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये २,००० रुपये झालं. एवढे भरून इन्स्पेक्टरसमोर वेल्डिंगचा चिमटा घेऊन उभं राहायचं का, हे आधीच ठरवा.

मला विचाराल तर मूळ साइजचाच, पण ताजा आणि चांगल्या कंपनीचा टायर घ्या. ताजा कसा ओळखायचा? फोनचा टॉर्च लावून टायरच्या बाजूला चार आकडे शोधा. २३२५ असेल तर २०२५ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला. दुकानदार "नवीनच आहे" म्हणाला तरी हे आकडे स्वतः वाचा. आणि जाडच घालायचा असेल, तर आधी रिंगवर छापलेला आकडा बघा, त्या रुंदीला कंपनी कोणता टायर चालतो म्हणते ते शोधा, आणि बसवल्यावर चेनकव्हर काढून चाक हाताने दोन-चार वेळा फिरवून बघा.