प्रश्न वीस रुपयांचा नाही



रुग्णालयांतील पार्किंगवसुलीची बाजू घेणारे ‘वीस रुपयांसाठी कशाला हुज्जत?’ हे पत्र वाचले. हुज्जत वीस रुपयांची नाहीच. भुसावळातील एका खासगी रुग्णालयात टोकन हरवले म्हणून माझ्याकडून दोनशे रुपये घेतले. आरसी बुक दाखवले तरी ठेकेदाराचा माणूस गाडी सोडेना. पावतीवर ना ठेकेदाराचे नाव, ना क्रमांक. ठळक अक्षरांत फक्त ‘वाहन मालकाच्या जबाबदारीवर’.

पत्रलेखक म्हणतात, खासगी जागा, मालकाची मर्जी. वाजवी भाड्याला ना नाही. पण मनाला येईल तो दंड ठोकता येत नाही. रक्कम आधी ठरलेली असली तरी वाजवी भरपाईच मिळते, असे करार कायद्याचे (१८७२) कलम ७४ सांगते. ती ठळक ओळही रामबाण नव्हे. दिल्लीच्या ताज महाल हॉटेलातून १९९८ साली मारुती झेन चोरीला गेली. किल्ली कर्मचाऱ्याकडे सोपवली असताना अशा सूचनेआड हॉटेलला लपता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ठरवले.

तेव्हा पावती फेकू नका. व्यवस्थापनाला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. दाद लागली नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा किंवा दोन वर्षांच्या आत जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करा. सेवेसाठी दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही.

रुग्णाच्या नातेवाइकाला भांडायला सवड नसते, यावरच ही वसुली चालते. अर्ज मात्र घरी आल्यावरही लिहिता येतो.

– एक वाचक, भुसावळ