गटारातला वायू, कारखान्यातला वायू

तेलशुद्धीकरण कारखान्यात हायड्रोजन सल्फाइडला किंमत असते. त्यापासून गंधक, गंधकापासून गंधकाम्ल आणि पुढे खते. म्हणून तेथे मापके, भोंगे, श्वसनयंत्रे सज्ज असतात. गटारात साचणारा हाच वायू विकला जात नाही. तेथे उतरणाऱ्या, बहुधा दलित, कामगाराच्या वाट्याला कमरेचा दोर येतो. तोही असला तर!

सडक्या अंड्याच्या वासाने सावध होता येते, हा समज घातक आहे. हवेच्या दहा लाख भागांत सुमारे 100 भाग वायू झाला की घ्राणशक्तीच बधिर होते. वास गेला, म्हणजे वायू गेला असे वाटते. प्रमाण 500 च्या पुढे गेले की माणूस कोसळतो. त्याला काढायला उतरलेला सोबतीही पुष्कळदा परतत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई 2014 मध्ये 10 लाख ठरवली, 2023 मध्ये 30 लाख केली. पण ती मृत्यूनंतरची. 2013 च्या कायद्याने संरक्षक साधनांविना कामगाराला गटारात उतरवण्यास प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षही मनाई केली आहे. यातील ‘अप्रत्यक्ष’ या शब्दात कंत्राट देणारी नगरपालिकाही येते. तरी गुन्हा नोंदवताना पोलीस मुकादमापाशीच का थांबतात, हे कामगार संघटनांनी प्रत्येक ठाण्यावर जाऊन विचारावे.