सणाचा दिवा आपल्या हातचा असावा

परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांत सणाची जवळजवळ प्रत्येक वस्तू आता दुकानातून तयार येते. संयुक्त अरब अमिरातीत हेच दृश्य दिसते. दिवाळी आली की दुबईतील बर दुबई, करामा या वस्त्यांतील सज्जे विजेच्या माळांनी झळकतात. परंतु तयार माळ कारखान्याने ठरविलेल्या चार-सहा रीतींनीच लुकलुकते. मुलांचे काम एवढेच, की बटण दाबावे. पूर्वी कामट्या सोलून, खळ शिजवून, पतंगी कागद चिकटवून आकाशकंदील घरीच होत असे आणि त्या निमित्ताने थोरांची विद्या लहानांच्या हाती उतरत असे. ती रीत नव्या साधनाने पुन्हा चालू करता येईल, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ते साधन म्हणजे मायक्रोकंट्रोलर, अर्थात तळहातावर मावणारा छोटा संगणक. इटलीतील इव्रेआ येथे २००५ साली विद्यार्थ्यांसाठी तयार झालेला ‘आर्डुइनो’ हा त्यांतील प्रसिद्ध प्रकार. त्याला जोडावयाच्या एलईडी माळेतील प्रत्येक दिव्यात स्वतःची चिमुकली चिप असते. आलेल्या आज्ञेतून पहिला दिवा आपल्यापुरते २४ बिट ठेवून घेतो व उरलेले पुढच्याच्या हवाली करतो. रांगेतील माणसांनी आपला वाटा घेऊन टोपली पुढे सरकवावी तसे. लाल, हिरवा व निळा या तीन रंगांना ० ते २५५ पर्यंतचे अंक दिले, की हवी ती छटा उमटते.

मग एकच माळ दिवाळीत पणतीच्या ज्योतीसारखी थरथरते आणि २ डिसेंबरला, अमिरातीच्या राष्ट्रीय दिनी, तिच्या ध्वजाचे लाल, हिरवा व पांढरा हे रंग धारण करते. चौथ्या काळ्या रंगासाठी दिवे विझवावे लागतात, हे मूल स्वतःच शोधून काढते. शेजाऱ्यांच्या ईदेला वा नाताळालाही तीच माळ उपयोगी पडते.

कोणी म्हणतील, हा उपद्व्याप कशाला? तयार माळ स्वस्त पडते. खरे आहे; शिवाय येथे काळजीही घ्यावी लागते. असा एक दिवा पूर्ण पांढरा पेटल्यास सुमारे ६० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह ओढतो; म्हणजे ५० दिव्यांस ३ अँपिअर. हा भार छोट्या बोर्डावर न टाकता ५ व्होल्टचा स्वतंत्र अडॅप्टर लावावा आणि भिंतीतील २३० व्होल्टच्या विजेपासून मुलांस दूर ठेवावे. परंतु हे समजावून सांगणे, हेच तर शिक्षण!

कोकणात आपल्या पूर्वजांस ‘शनवार तेली’ म्हणत. ते घाणा मागे ठेवून निघाले, तरी कष्टाची सवय बरोबर आली. अमिरातीतील मराठी कुटुंबासही उद्या नोकरीपायी अन्यत्र जावे लागेल. घर भाड्याचे, सज्जाही भाड्याचा. मुलाने स्वतः लिहिलेल्या चार ओळी आणि त्या लिहिण्याची हिंमत मात्र त्याच्याबरोबर जाईल. यास्तव येत्या सणापूर्वी पालकांनी सुटीचा एक दिवस या कामासाठी राखून ठेवावा, अशी कळकळीची विनंती आहे.