दरवाजातला पाना

नव्या गाडीपुढे मंगेशीला नारळ फोडला, त्याला आता दीड महिना होईल. पहिल्या आठवड्यापासूनच डाव्या दरवाजातून खडखड ऐकू यायची. फर्मागुढीचा उतार लागला की जास्तच. सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाने दोनदा ऐकले आणि "सर, आपले रस्तेच तसले" म्हणून हात झटकले. (गोव्यात रस्त्यांच्या नावावर कुठलेही पाप खपते!) तिसऱ्या खेपेस मी तिथेच ठाण मांडून बसलो. दरवाजाचे आतले आवरण काढले, तर तळाशी वीतभर लांबीचा रॅचेट पाना. सॉकेटसकट. दांड्यावर पिवळा पट्टा आणि कोरलेला आकडा.

सगळे हसले. कंपनीची भेट समजा, खंडेनवमीला पुजायला होईल, वगैरे. एक स्नेही मात्र गंभीरपणे म्हणाले, "आमच्या कामगारांना अक्कलच नाही. जपानात असे झाले असते का?"

मला हे वाक्य झोंबले, आणि अजून झोंबते आहे.

अहो, माणूस विसरतोच! एक गाडी पुढ्यातून सरकली की दुसरी हजर, दिवसभर तेच. म्हणून तर शस्त्रक्रियेत टाके घालण्याआधी बोळे आणि हत्यारे मोजतात. त्यामुळे सर्जनला कोणी मूर्ख म्हणत नाही. विमानांच्या वर्कशॉपमध्ये प्रत्येक हत्याराला त्याच्या आकाराची खाच असते. खाच रिकामी दिसली की शोध सुरू. जपानचेच म्हणाल तर टोयोटाच्या कारखान्यात चूक दिसताच साध्या कामगारालाही दोरी ओढून लाइन थांबवता येते. तिथली माणसे विसरत नाहीत असे नव्हे. विसरणे गृहीत धरलेले असते, एवढेच.

आणि मोजणी नुसती कागदावर असली तर काय होते? २०२३च्या डिसेंबरात लॉस एंजेलिसला क्वांटसच्या ए-३८० विमानाची दुरुस्ती झाली. सव्वा मीटर लांबीचे नायलॉनचे हत्यार इंजिनात राहिले. हरवलेले हत्यार शोधण्याची ठरलेली पद्धत सुरूच केली नाही आणि विमान सोडून दिले. ते ३४ वेळा उडाले, २९४ तास! हत्यार सापडले १ जानेवारी २०२४ला. सव्वा मीटर म्हणजे लहान पोराएवढे की हो.

माझ्या लहानपणी आमच्या वाड्यावर काम करणारा मेस्त संध्याकाळी पटाश्या मोजून फडक्यात गुंडाळायचा. एक कमी पडली तर कंदील घेऊन भुसा चिवडायचा, जेवण निवत असले तरी. तेवढीही शिस्त ह्या लाखांच्या गाड्या विकणाऱ्यांकडे नसावी? पाना काचेखाली पडला म्हणून खडखडीवर भागले. ब्रेकच्या पायपट्टीखाली सरकला असता तर?

असो. आता खरी गोष्ट. परवा कंपनीचा फोन आला. भाषा अतिशय गोड. "पाना परत द्या, चौकशी करायची आहे." कसली चौकशी? तर आकड्यावरून माणूस सापडेल, त्याच्यावर कारवाई होईल. म्हणजे मी पाना दिला की कुठल्यातरी पोराची नोकरी गेली, आणि कंपनी स्वच्छ!

मी विचारले, त्या दिवशी पाळी सुटताना ह्या आकड्याचा पाना परत आला नाही, हे कोणाच्या लक्षात आले? दुसऱ्या दिवशी त्याच्या हातात नवा पाना कोणी ठेवला, काही न विचारता? माझ्या गाडीच्या तपासणीवर सही कोणाची? खडखड ऐकून रस्त्यांना शिव्या घालायला त्या मुलाला कोणी शिकवले?

पलीकडे थोडी शांतता. मग एक सर्व्हिस फुकट देऊ म्हणाले.

पाना माझ्या टेबलाच्या खणात आहे. काल रजिस्टर पत्र टाकले: त्या दिवशीच्या हत्यारांच्या नोंदीची प्रत आणि तपासणीचा कागद पाठवा, पाना घेऊन जा. आकडा मात्र पत्रात लिहिलेला नाही.