बुचावरचा घोडेबाजार

ब्लँटन्स नावाच्या बर्बनच्या बुचावर धातूचा एक घोडा असतो, पाठीवर जॉकी. असे आठ घोडे आहेत. प्रत्येकाची धावण्याची मुद्रा वेगळी, पायाशी एकेक अक्षर, आणि आठही जमवून ओळीनं मांडले की बाटलीचं नाव तयार होतं. न्यू जर्सीतल्या मराठी घरांमधून हा तबेला भरत गेलेला मी पाहिला आहे. मुंजीच्या भांड्यांशेजारी, गणपतीच्या मखराच्या खोक्याखाली, बेसमेंटमधल्या बारवर. बाटल्या बहुतेक ठिकाणी न फोडलेल्या. यजमान त्या हातात देतात, वजन बघायला सांगतात, किती मैल गाडी हाणून कुठल्या दुकानातून पैदा केली ते सांगतात, आणि परत जागेवर ठेवून आपल्याला दुसरंच काहीतरी ओततात.

ज्याच्या त्याच्या पैशाचा प्रश्न आहे, हे मला मान्य आहे. पण या छंदाला 'जाणकारी' म्हणायचं असेल तर मात्र माझं भांडण आहे. कारण बर्बन आणि राय या दोन दारवांमध्ये जाणकारी म्हणजे नेमकं उलटं काहीतरी असायचं: वीस-पंचवीस डॉलरांत काय मिळतं हे ठाऊक असणं.

ही दारू कायद्यानंच धरून बांधलेली आहे. बर्बन म्हणजे अमेरिकेत बनलेली, धान्यात किमान 51 टक्के मका असलेली, आणि आतून जाळलेल्या कोऱ्या ओकच्या पिंपात मुरवलेली व्हिस्की. 'कोऱ्या' हा शब्द महत्त्वाचा. पिंप एकदा वापरलं की बर्बनसाठी बाद. मग ते स्कॉटलंडला वगैरे जातं. गाळताना 80 टक्क्यांवर अल्कोहोल चढवायचं नाही, पिंपात भरताना 62.5 च्या वर नाही, बाटलीत 40 च्या खाली नाही, आणि रंग किंवा स्वाद वरून घालायचा नाही. स्कॉचमध्ये कॅरॅमलचा रंग चालतो, बर्बनमध्ये चालत नाही. रायचे नियमही जवळपास हेच, फक्त मक्याच्या जागी राय हे धान्य. केंटकीतच बनली पाहिजे ही अट कुठंही नाही, कितीही जणांनी छातीठोकपणे सांगितलं तरी.

याहून कडक नियम 1897 सालचा आहे. तेव्हा अमेरिकेत व्हिस्कीच्या नावाखाली तंबाखूचं पाणी घालून रंगवलेलं स्पिरिट विकत असत. लोक वैतागले, प्रामाणिक डिस्टिलरीवाले त्याहून वैतागले, आणि 'बॉटल्ड इन बाँड' कायदा आला. एकाच डिस्टिलरीत, एकाच हंगामात गाळलेली, किमान चार वर्षं सरकारी देखरेखीच्या गोदामात मुरवलेली, बरोबर 50 टक्क्यांना भरलेली व्हिस्की. पाण्याशिवाय कशाचीही भर नाही. कुठल्या डिस्टिलरीत गाळली हे लेबलवर लिहिणं बंधनकारक. आज या शिक्क्याची बाटली, म्हणजे पांढऱ्या लेबलची एव्हन विल्यम्स, साधारण वीस डॉलरांना मिळते. एवढी हमी देणारी एवढी स्वस्त वस्तू मला दुसरी माहीत नाही. पण ती दुकानात गुडघ्याच्या उंचीवर ठेवलेली असते, आणि आपले लोक वाकत नाहीत.

ओल्ड ग्रँड-डॅडचं उदाहरण घ्या. नारिंगी लेबल, त्यावर एका म्हाताऱ्याचं चित्र. हा म्हातारा म्हणजे बेसिल हेडन, केंटकीतला जुना दारू गाळणारा. नातवानं आजोबांच्या नावानं ब्रँड काढला. पुढे जिम बीमवाल्यांकडं हा ब्रँड आला, आणि त्यांनी त्याच जास्त राय घातलेल्या धान्याच्या पाककृतीतून 'बेसिल हेडन' नावाची वेगळी बाटली काढली. छान कागद, पट्टा, चाळीसेक डॉलर. ती 40 टक्क्यांची. ओल्ड ग्रँड-डॅड बाँडेड 50 टक्क्यांची आणि पंचविसेक डॉलरांची. म्हणजे आजोबाच, पण एकदा शेरवानीत आणि एकदा गंजीफ्रॉकमध्ये, आणि शेरवानीत पाणी जास्त. भेटीला नेताना आपण कुठली नेतो हे सांगायला नको.

आता दुकानाकडं येऊ. दारूबंदी 1933 साली उठली तेव्हा अमेरिकेनं तीन पायऱ्यांची व्यवस्था केली. बनवणारा वितरकाला विकणार, वितरक दुकानाला, दुकान तुम्हाला. बनवणाऱ्यानंच गुत्ते उघडून गावंच्या गावं पाजायची, हे पूर्वीचं दुखणं थांबावं म्हणून. हेतू चांगला होता. न्यू जर्सीनं वर आपली भर घातली: गावात साडेसात हजार लोकांमागं एक बाटलीविक्रीचा परवाना, आणि एका मालकाकडं जास्तीत जास्त दोन. म्हणूनच इथं सुपरमार्केटात दारू अभावानंच दिसते आणि कोपऱ्यावरचं कौटुंबिक दुकान टिकून आहे. ते दुकान बहुधा एखाद्या गुजराती कुटुंबाचं असतं, काउंटरवरचे काका आपल्याशी हिंदीत बोलतात, आपण त्यांना 'भाई' म्हणतो. हे टिकावं असं मला मनापासून वाटतं.

पण याच भाईंना वितरक वर्षाला ब्लँटन्सच्या किंवा वेलरच्या मोजक्या बाटल्या देतो, आणि किती द्यायच्या ते त्यांनी वर्षभर बाकीचा माल किती उचलला यावर ठरतं. ही बाटली हवी तर ती पेटी घे, अशी उघड सक्ती वितरकानं करायला केंद्राच्या नियमांत बंदी आहे. म्हणून सक्ती कुणी करत नाही. फक्त हिशेब लक्षात ठेवतात. मग भाई तोच हिशेब आपल्यावर उतरवतात. मला एका दुकानात सांगितलं गेलं की वेलर आहे, पण सोबत दोन बाटल्या आंब्याच्या स्वादाची व्होडका घ्यावी लागेल. रेशनच्या दुकानात साखरेबरोबर साबण गळ्यात मारायचे, ते ज्यांना आठवत असेल त्यांना हा प्रकार नवा नाही. फरक एवढाच की रेशनच्या रांगेत माणूस नाइलाजानं उभा असायचा.

बरं, वेलर ही काय चीज? बफेलो ट्रेस डिस्टिलरीची, रायऐवजी गहू घातलेली बर्बन. हिरव्या लेबलची साधी वेलर ही तर तिशीच्या आतबाहेर मिळावी अशीच बनवलेली बाटली. गव्हाची हीच जातकुळी पॅपी व्हॅन विंकलचीही, असा गवगवा झाला आणि 'गरिबाची पॅपी' म्हणून ती गरिबाच्या हातून गेली. आज कित्येक दुकानांत ती काउंटरमागं कुलपात असते, दुप्पट किमतीला. तिच्या शेजारच्या फडताळावर मेकर्स मार्क उघड्यावर उभी असते. तीही गव्हाचीच.

यावर कुणी म्हणेल, सरकारनं भाव ठरवले तर हे होणार नाही. डेलावेअर नदी ओलांडून पेनसिल्वेनियात जा. तिथं दुकानं राज्य सरकारची, भाव छापील, आणि दुर्मिळ बाटल्यांसाठी सोडत निघते, म्हाडाच्या घरांसारखी. व्हर्जिनियातही सरकारी दुकानं; तिथल्या एका कर्मचाऱ्यानं कुठल्या दुकानात कुठली दुर्मिळ बाटली येणार याच्या याद्या बाहेर पुरवल्या आणि त्या विकल्या गेल्या. 2022 साली त्याला शिक्षा झाली. ओरेगॉनमध्ये 2023 साली दारू खात्याचे वरिष्ठ अधिकारीच अशा बाटल्या स्वतःसाठी बाजूला काढून घेताना सापडले. पैसे मोजून, पण रांग चुकवून. तेव्हा उपाय तिथंही नाही. (पेनसिल्वेनियाची गंमत म्हणजे 1936 च्या जॉन्सटाउनच्या पुरासाठी तात्पुरता म्हणून लावलेला दारूवरचा कर अजून चालू आहे. तेव्हा 10 टक्के होता, आता 18.)

या सगळ्या गोंधळात राय बिचारी बाजूलाच राहिली, आणि ते तिच्या व आपल्या पथ्यावर पडलं आहे. खरं तर बर्बनच्या आधी मान तिचा. जॉर्ज वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्ननच्या डिस्टिलरीत 1799 साली जवळजवळ अकरा हजार गॅलन व्हिस्की निघाली, ती मुख्यतः रायची. पेनसिल्वेनिया आणि मेरीलँड हे तिचं माहेर. दारूबंदीनं ते माहेर मोडलं, आणि पुढं ती इतकी मागं पडली की दुकानात रायची एखाद-दुसरी बाटली धूळ खात असायची. आज रिटनहाउस या बाटलीवर नाव फिलाडेल्फियाच्या चौकाचं, पण गाळतात केंटकीत. ओल्ड ओव्हरहोल्ट 1810 पासून पेनसिल्वेनियाची म्हणून मिरवते. तीही केंटकीला स्थलांतरित. दोन्ही बाँडेड मिळतात, दोन्ही साधारण तिशीच्या आसपास. मिरं, ओवा आणि भाजलेल्या भाकरीची कड यांच्या मधलं काहीतरी जिभेवर येतं. चकल्यांबरोबर एकदा घेऊन बघा. बर्बनचा गोडवा तिथं चिवड्यातल्या साखरेसारखा मध्येच आडवा येतो.

रायच्या लेबलवर मात्र डोळे उघडे ठेवावे लागतात. इंडियानातल्या लॉरेन्सबर्गमध्ये एक अवाढव्य डिस्टिलरी आहे, ती 95 टक्के रायची व्हिस्की बनवते आणि घाऊक विकते. घेणारे आपापल्या बाटलीत भरतात आणि वर पणजोबांची गोष्ट चिकटवतात. टेम्पलटन राय ही आयोवातल्या गावची, दारूबंदीच्या काळातल्या पाककृतीची म्हणून खपत होती. आतली व्हिस्की लॉरेन्सबर्गची निघाली, ग्राहक कोर्टात गेले, 2015 मध्ये तडजोड होऊन कंपनीला लेबल बदलावं लागलं आणि परतावा द्यावा लागला. व्हिस्की वाईट नव्हतीच. पैसे गोष्टीचे घेतले होते. म्हणून बाटली फिरवून मागचा बारीक मजकूर वाचायचा. गाळलेलं राज्य वेगळं असेल तर ते छापावं लागतं. दुधाच्या पिशवीवरची तारीख बघणारे आपण, साठ डॉलरच्या बाटलीवरच्या दोन ओळी वाचत नाही.

आणि आपणच कशाला फसतो, याचं उत्तर मला वाटतं बाटलीत नाहीच. ज्या पिढीनं देशात क्वार्टरचे पैसे वर्गणी काढून जमवले तिला इथं आल्यावर आपण पुढं आलो हे दाखवायला काहीतरी लागतं. पूर्वी ते काम ब्लॅक लेबल करायची, मग बारा वर्षांच्या, अठरा वर्षांच्या सिंगल माल्ट. तेव्हा हेच लोक बर्बनला 'कोकमध्ये ओतायची गोड दारू' म्हणायचे. स्कॉच सगळ्यांच्या घरी झाली तेव्हा त्यांना बर्बनची चव सापडली, आणि तीही नेमकी न मिळणाऱ्याच बर्बनची. पुण्याला जाताना ड्यूटी-फ्रीच्या दोन लिटरमध्ये आता घोडा जातो. मेव्हण्याला तो आवडतो. दारू नव्हे, घोडा.

दुर्मिळ बाटल्या चांगल्या नसतात असं माझं म्हणणं नाही. निवडलेल्या पिंपाची, जास्त मुरलेली बर्बन वेगळी लागते आणि ज्यानं ती आठ-दहा वर्षं सांभाळली त्याला त्याचे पैसे मिळावेत. पण जादा दीडशे डॉलर त्याला मिळत नाहीत. ते मधल्या मधे जातात, आणि आपण ते देतो म्हणूनच पुढच्या वर्षी साधी बाटलीही कुलपात जाते. इथं नुकसान आपल्या एकट्याचं नाही. रात्रपाळी संपवून एक बरी बाटली घ्यायला येणाऱ्या माणसाचं आहे, ज्याच्यासाठी ही दारू मुळात बनत होती.

वारा मात्र फिरतो आहे. केंटकीच्या गोदामांत आज माणशी तीनहून अधिक पिंपं पडून आहेत, भरभराटीच्या काळात भरून ठेवलेली. काही नव्या डिस्टिलऱ्या बुडाल्या, आणि चोरट्या फेरविक्रीचे भावही उतरले आहेत. तेव्हा गुंतवणूक म्हणून तबेला राखून असलेल्यांना माझी विनंती आहे की या दिवाळीला बाटल्या फोडा. आठ माणसं बोलवा. संपल्यावर खालच्या फडताळावरची रिटनहाउस उघडा, कुणी तक्रार केली तर मला सांगा. बुचं पोरांनी केलेल्या किल्ल्यावर ठेवता येतील. मावळ्यांना घोडे दरवर्षी कमीच पडतात, आणि वर बसलेला जॉकी आहे हे लांबून कळत नाही.