हिटाइटांच्या पाटीवर अभिमान शोधण्याआधी इनामगावला जाऊ

यवतच्या आमच्या वाचनवर्गात एका मुलाने मोबाईल पुढे केला. 'साडेतीन हजार वर्षांपूर्वी तुर्कस्तानात वैदिक सत्ता होती, पुरावा सापडला' असा मेसेज होता. दुसऱ्याने लगेच आपल्याकडचा मेसेज दाखवला: 'आर्य येण्याआधी इथे मूलनिवासींचे समतेचे राज्य होते.' आम्हाला दोन्ही तपासावेसे वाटले.

पहिला पुरावा खरा आहे, त्यातून काढलेला अर्थ खोटा. हिटाइटांची राजधानी हत्तुशा आजच्या तुर्कस्तानात. तिथे १९०६ पासूनच्या उत्खननात मातीच्या हजारो पाट्या निघाल्या. त्यांतल्या एका तहात मित्र, वरुण, इंद्र, नासत्य ही नावे येतात. हा तह हिटाइट राजा सुप्पिलुलिउमा आणि मितन्नीचा शत्तिवाजा यांच्यातला, इसवी सनपूर्व चौदाव्या शतकातला. पण साक्षीदार देवांच्या लांबलचक यादीत ही नावे मोजकीच आहेत, तीही मितन्नीच्या बाजूने. मितन्नीची प्रजा बहुतांशी हुर्री भाषा बोलणारी. यावरून भाषांच्या नात्याबद्दल बरेच कळते, 'वैदिक साम्राज्य' मात्र सिद्ध होत नाही.

त्याच हत्तुशात कायद्याच्या पाट्याही मिळाल्या. स्वतंत्र माणसाचा डोळा फोडला तर वीस शेकेल चांदी, दासाचा फोडला तर दहा. मनुस्मृतीतल्या वर्णानुसार बदलणाऱ्या शिक्षा वाचलेल्यांना हा हिशोब ओळखीचा वाटेल. अभिमानाच्या मेसेजमध्ये ही पाटी कधी येत नाही.

आता दुसरा मेसेज, आपला. हत्तुशात राजे तह करत होते तेव्हा आपल्या इथे काय होते? त्यासाठी लांब जायला नको. यवतहून भीमा ओलांडली की शिरूर तालुका. तिथे घोड नदीकाठी इनामगाव. डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर, अन्सारी यांनी १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केले. इ.स.पू. सुमारे १६०० ते ७०० पर्यंत तिथे वस्ती होती. शंभराहून जास्त घरे, सातू, पाण्याचा पाट, तांब्याची हत्यारे. गुरांची हाडे भरपूर, त्यांवर कापल्याच्या खुणा. २०१५ च्या गोवंश कायद्यानंतर 'आपली प्राचीन संस्कृती' म्हणून आपल्याला जे ऐकवले जाते, त्याला ही हाडेच उत्तर देतात.

पण इनामगाव आपल्यालाही सोडत नाही. मेलेल्यांना घरातच पुरत, आणि मोठ्यांचे पाय घोट्याखाली तोडत. आत्मा निघून जाऊ नये म्हणून असावे, असा अभ्यासकांचा तर्क. एक माणूस मात्र चार पायांच्या मोठ्या रांजणात मांडी घालून बसवलेला मिळाला, पाय शाबूत. त्याचे घर वस्तीच्या मध्यभागी, पाच खोल्यांचे, आणि धान्याचे कोठार त्याच घराला लागून! कुंभार, सोनार, चुना भाजणारे यांची घरे वस्तीच्या कडेला.

यालाच गावकूस म्हणू का? नाही, एवढ्यावरून म्हणता येणार नाही. कडेला घर असणे आणि विटाळ मानणे यांत फार मोठे अंतर आहे, आणि अस्पृश्यतेचा कोणताही पुरावा तिथे नाही. पण धान्य कुणाच्या दारी साठवायचे हे तेव्हाच ठरले होते. ज्याला आपण समतेचे राज्य म्हणतो ते तिथे दिसत नाही.

काही कार्यकर्त्यांना हे बोललेले आवडत नाही. 'शत्रूच्या हातात कोलीत कशाला देता?' असे ते विचारतात. १९४६ च्या 'हू वेअर द शूद्राज' मध्ये बाबासाहेबांनी आर्यवंशाचा सिद्धान्त नाकारला. फुल्यांच्या मांडणीत आर्य बाहेरून आलेले आक्रमक होते, तरीही नाकारला. आणि ते पुस्तक अर्पण केले फुल्यांनाच. शत्रूला काय सोयीचे आणि मित्राला काय, हे बघत बसले असते तर ते पुस्तक झालेच नसते.

दर १ जानेवारीला आपण पेरण्याच्या विजयस्तंभाला जातो. यंदा परतताना वाट थोडी वाकडी करून आम्ही पोरांना इनामगावला नेणार आहोत. त्याआधी एका रविवारी येरवड्याला, डेक्कन कॉलेजचे संग्रहालय बघायला. रविवारी ते उघडे असते का, एवढी चौकशी तेवढी कुणीतरी करा.