भावोजी, निरोप असा नसतो

२००४ ते २०२२. अठरा वर्षं ‘होम मिनिस्टर’चे आदेश बांदेकर घरोघरी गेले. दोन खोल्यांतली वहिनीही जिंकली की पैठणी मिरवायची. आणि शेवटच्या वर्षी? ‘महामिनिस्टर’, ११ लाखांची पैठणी! पुढच्या काही महिन्यांत खेळच बंद. मला हा निरोप पटलेला नाही. सासूचे टोमणे, नवऱ्याची फजिती, वहिनीचा उखाणा यावर चाललेल्या खेळाला जाताना किमतीची पाटी कशाला? (११ लाखांची साडी नेसून भाजी आणायला जाणार कोण?) आमच्या संभाजीनगरहून पैठण पन्नासेक किलोमीटर. तिथं हातमागावर एका पैठणीला महिनेही लागतात. शेवटचा एपिसोड त्या मागाशेजारी व्हायला हवा होता. भावोजींनी विणणाऱ्या वहिनींना एवढंच विचारायचं: तुमची स्वतःची पैठणी आहे का हो?